कोरड्या भाकरीचा नियम

मल्लूअण्णा पहिल्यांदा आमच्या कॉलेजात आले ते थेट स्टाफरूममध्ये शिरले, आणि मला म्हणाले, "ऊट आतेन?" मी सोलापूरचाच असलो तरी माझं कानडी हॉटेलातल्या वेटरपुढे जात नाही. मग त्यांनीच मराठीत सांगितलं, "जेवण झालं का म्हनलं." सकाळचे दहा वाजले होते. मी म्हणालो, चहा झालाय. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की डबा आणला असता तर बरं झालं असतं असं मलाच वाटायला लागलं.

त्यांना माझा आवाज हवा होता. मी मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या सत्काराचं, कुणाच्या गणपतीचं निवेदन करतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते किकबॉक्सिंग, कराटे, शरीरसौष्ठव, जोर-बैठका अशा सगळ्या स्पर्धा भरवायचे. त्यांची चक्क कंपनी होती, रीतसर नोंदवलेली. कंपनीचं नाव 'नीलव्वा स्पोर्ट्स'. नीलव्वा म्हणजे त्यांची आई. पोस्टरवर एक उघडाबंब गडी दातओठ खाऊन मूठ उगारतोय आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात नीलव्वा. मी एकदा भीत भीत सुचवलं, की अण्णा, जरा दरारा वाटेल असं नाव ठेवू या.

"आईपेक्षा जास्त भ्या वाटावं असं दुसरं काय हाय ओ सर?" ते म्हणाले. मी मराठीचा प्राध्यापक. पुढच्या निवेदनापासून मी 'नीलव्वा' दणक्यात म्हणायला लागलो.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. बुटके, मान जवळजवळ नसलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डावा कान भज्यासारखा फुगलेला. तरुणपणी स्वतः लढायचे, त्याची ती कमाई. स्पर्धा असायच्या अक्कलकोट रोडच्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. माग भंगारात गेले होते, पण जमिनीतले त्यांचे बोल्ट तसेच होते, आणि त्यावर मॅट अंथरायच्या आधी अण्णा एकेका बोल्टवर स्वतः गोणपाटाच्या घड्या ठेवत फिरायचे. वर पत्रा. दहा वाजले की पत्रा तापून कडकड वाजायला लागे. मी माइकवर बोलत असलो तरी तो आवाज मला ऐकू यायचा आणि उगीच अस्वस्थ व्हायचं.

लढत चालू असताना अण्णा कधी खुर्चीवर टेकले नाहीत. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे ते लढतीत हाणामारीकडे बघतच नसत. सगळं शेड आरडाओरडा करत असताना हा माणूस शांतपणे कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत उभा. फेरी संपली की खेळाडू त्या स्टुलावर कसा बसतो, एवढंच ते बघायचे. "मारताना सगळीच वाघ असत्यात," ते म्हणायचे. "बसताना बघा." दोनदा तरी माझ्यासमोर त्यांनी जिंकत असलेल्या माणसाची लढत थांबवली, कारण तो स्टुलावर टेकायच्या ऐवजी पडला होता. त्याच्या गावच्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. अण्णांनी ती आहेर घ्यावा तशी घेतली.

प्रवेशअर्जात त्यांनी एक रकाना ठेवला होता, आईचा फोन नंबर. वडिलांचा चालत नसे. प्रत्येक आईला ते स्वतः फोन करत. कानडी असेल तर कानडीत, पद्मशाली घरातली असेल तर मोडक्यातोडक्या तेलुगूत, आणि सांगत, "अक्का, काळजी करू नका. तुमचं लेकरू उपाशी उतरवनार न्हाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की त्याचा अर्थ लावायचं मी सोडून दिलं होतं.

अर्थ असा होता. या खेळात वजनगट असतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण खालच्या गटात उतरलो तर समोरचा किरकोळ मिळेल. म्हणून स्पर्धेच्या आधी पोरं अंगातलं पाणी काढतात. दोन दोन दिवस घोटभर पाणी पीत नाहीत, उन्हात प्लास्टिक घालून पळतात, लघवी होण्याच्या गोळ्या घेतात. काट्यावर उभं राहिलं की तीन-चार किलो कमी. सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळे काट्यावरचा आकडा लिहून घेतात. अण्णांकडे मात्र काट्याच्या शेजारी एक टेबल असे. त्यावर ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचं पातेलं. काट्यावरून उतरलं की पाव भाकरी आणि चिमूटभर चटणी अण्णांच्या समोर खायची. पाण्याचा थेंब नाही.

सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय हे सांगायला नको. पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. तोंडाला पाणी असेल तर लोण्यासारखी विरघळते आणि नसेल तर पिठाचा गोळा होऊन टाळूला बसते. वर कोरडी चटणी. जो अंग आटवून आलाय त्याच्या घशाखाली ती उतरत नाही म्हणजे नाही. ज्याची उतरली नाही तो बाद. मग तो राज्यात पहिला आलेला असो की नगरसेवकाचा भाचा.

बाहेरगावचे लोक हसायचे. मीही पहिल्या वर्षी माइकवरून 'आता होत आहे भाकरी गटातील प्राथमिक फेरी' असं म्हणून टाळ्या घेतल्या. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत एक गडी आला होता, अंगाला तपकिरी रंग फासून, तेल चोपडून. शिरा अशा तटतटलेल्या की शरीरशास्त्राच्या तासाला उभा करावा. त्यांच्यात तर अंगातलं पाणी काढल्याशिवाय शिरा दिसत नाहीत म्हणे. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि दहा मिनिटं चावत बसला. डोळ्यांत पाणी आलं, तोंडात काही येईना. लोक हसून लोळायला लागले. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी तांब्या पुढे केला, त्याचं नाव खोडलं आणि दुपारी स्वतःच्या ताटाशेजारी बसवून त्याला आमटी-भात वाढला. तो गडी रंगाचे बोट बोट डाग ताटाला लावत रडत जेवला.

एका वर्षी एक जाहिरातदार मिळाला, जिमचं सामान विकणारा. त्याचं म्हणणं, हे सगळं व्हिडिओत गावठी दिसतं. भाकरीचं टेबल तेवढं काढा.

"माझं नाव काढा की बॅनरवरनं," अण्णा म्हणाले. "भाकरी ऱ्हाऊ द्या."

जाहिरातदार गेला. मला वाटलं, म्हातारा हेकट आहे. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं, खुर्च्या मांडता मांडता, माझ्याकडे न बघता. गुरुपाद नावाचा त्यांचा जोडीदार होता. दोघं एकाच वस्तादाकडे शिकले, एकाच ताटात जेवले. मे महिना, वजन दोन किलो जास्त भरत होतं. गुरुपादला त्यांनी सोलापुरी चादरीत गुंडाळला, वरून दुसरी चादर, आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

"चादर मीच बांधली होती, सर. सुटू नये म्हनून सुतळीनं." ते खुर्ची सरळ करत राहिले. "वजन उतरलं. बरोबर उतरलं."

गुरुपाद त्या मैदानातून घरी परत गेला नाही, एवढं मला समजलं. पत्रा कडकडत होता. त्या दिवसानंतर माझी भाकरी गटाची कोटी मी बंद केली.

आता जे सांगायचं ते सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतोय. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट सोमवारी आला, श्रावणातला सोमवार. रविवार-सोमवार अशी दोन दिवसांची किकबॉक्सिंग स्पर्धा अण्णांनी ठेवली. अंतिम दिवस सोमवार, आणि नियमाप्रमाणे सोमवारी सकाळी पुन्हा वजनं; रविवारी कसंबसं गटात बसलेलं पोरगं रात्री पोटभर जेवलं तर सोमवारी बाहेर. झेंडावंदन करून मी आठ वाजता शेडवर गेलो. मागच्या मोकळ्या जागेत एक पोरगा रेनकोट घालून पळत होता. पाऊस नव्हता. चांगलं ऊन पडलं होतं. मला बघून त्यानं पळता पळताच हात जोडले. तो वळसंगचा काशिनाथ, बावीस वर्षांचा, मागच्या वर्षीचा उपविजेता. आदल्याच दिवशी मी त्याच्या नावामागे 'वळसंगचं वादळ' असं काहीतरी लावलं होतं. मीही हात जोडले आणि आत जाऊन माइकची तपासणी केली. रेनकोट मला दिसला होता. त्याचा अर्थही मला चांगला ठाऊक होता. पण म्हटलं, पुढे अण्णा आहेत, भाकरी आहे. आपण कशाला चोंबडेपणा करा.

वजनं सुरू झाली. काशिनाथ काट्यावर चढला, वजन बरोबर भरलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. काशिनाथनं दोन्ही हात मागे घेतले.

"अण्णा, सोमवार हाय. उपवास."

अण्णांचा हात तसाच राहिला. त्यांचाही उपवास होता. अख्ख्या आयुष्यात त्यांनी श्रावणातला सोमवार मोडलेला नव्हता, आणि दुसऱ्याचा मोडायला लावणं तर त्यांच्या हिशेबी पाप. त्यांनी काशिनाथच्या कपाळाकडे पाहिलं. विभूती होती, ताजी.

"आईला ठावं हाय?"

"व्हय. तिचा बी हाय की."

अण्णांनी भाकरी खाली ठेवली. मग त्यांनी आपल्यासाठी आणलेल्या केळ्यांच्या फणीतलं एक केळं मोडून त्याला दिलं. काशिनाथनं ते त्यांच्यासमोर खाल्लं. मी पाहिलं, छान गिळलं. त्याच्या पाठीमागचाही म्हणाला, उपवास. त्याच्या पाठीमागचाही. त्या सकाळी एकूण आठ जण उपाशी निघाले. अण्णांची केळी संपली तेव्हा त्यांनी आणखी आणवली. आणि मी, मराठीचा प्राध्यापक, माइकवरून म्हणालो, "आज आखाड्यात साक्षात महादेवाची गर्दी झाली आहे!" शेड हसलं. अण्णाही किंचित हसले. एवढी भक्तिमान पोरं बघून त्यांना बरं वाटलं असावं.

काशिनाथची लढत अकराच्या सुमारास होती. पहिल्या फेरीत तो चांगला खेळला. दुसऱ्या फेरीत समोरच्याची एकही जोरकस लाथ त्याला लागलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन; मी तिथून आठ फुटांवर बोलत होतो. फेरी संपली. तो आपल्या कोपऱ्याकडे चालत गेला, स्टुलाच्या अलीकडेच बसला, जिथे स्टूल नव्हतं. लोकांना वाटलं घसरला. अण्णा मॅटभोवतीच्या दोरावरून आत गेले होते. त्या वयात ते दोरावरून कसे गेले मला कळलं नाही. काशिनाथच्या तोंडाला त्यांनी हात लावला आणि माझ्याकडे वळून ओरडले, "बंद करा की ओ ते!" तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी अजून बोलतोच आहे.

तो चार दिवस दवाखान्यात होता. किडन्या बंद पडल्या होत्या. अंगात पाणीच नाही, वर गोळ्या, वर उष्मा, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला.

मी आणि अण्णा रोज जात होतो. अण्णा बाकावर बसायचे आणि सारखं एकच म्हणायचे, "केळं उतरतंय ओ सर. केळ्याला थुंकी लागत न्हाय. मला कसं कळलं न्हाय?" मी म्हणायचो, अण्णा, तुमची चूक नाही, त्यानं खोटं सांगितलं. ते मान हलवायचे. पुढे कळलं ते असं, की पोरांमध्ये ही युक्ती महिनाभर फिरत होती. अण्णा उपवास मोडत नाहीत, सोमवारी भाकरी चुकते. एका प्रशिक्षकानं ती काढली होती. देवभोळ्या माणसाला देवाच्या नावानं फसवणं सोपं असतं हे त्याला बरोबर कळलं होतं.

काशिनाथची आई शेवटच्या दिवशी भेटली. रडून रडून आवाज बसलेला. ती चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "दुसरीकडं कुटं पाठवत नव्हते मी त्याला. तुमच्या हितं भाकरी खाल्ल्याबिगर सोडत न्हाईत म्हनून पाठवला, अण्णा."

अण्णांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती मागे सरकली. त्या बाकावर तेव्हा मीही होतो, आणि सोमवार सकाळच्या रेनकोटाचं मी तिला सांगितलं नाही. अण्णांनाही सांगितलं नाही. आजतागायत नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

चौकशी झाली, कागद झाले, अण्णांना कुणी दोषी धरलं नाही. त्यांनी महिन्याभरात कंपनी बंद केली. मॅट कुठल्याशा शाळेला देऊन टाकल्या, काटा मैंदर्गीच्या घरी नेला. मला वाटलं होतं, सोलापुरातल्या स्पर्धाच आता बंद पडतील. पण तसं काही होत नसतं. दुसरी कंपनी आली. ज्या प्रशिक्षकानं उपवासाची युक्ती काढली, तोच तिथे मुख्य पंच. मोठा हॉल, रंगीत दिवे, मोठा पडदा, प्रत्येक लढतीचे रील. मागच्या बाजूला एक बंद तंबू, आत घाम काढायचं वाफेचं यंत्र, 'खेळाडूंच्या सोयीसाठी'. काट्याशेजारचं टेबल अर्थातच नाही. निवेदनाला त्यांनी मला बोलावलं आणि मी गेलो. का गेलो याची पुष्कळ कारणं मी बायकोला सांगितली. खरं एकच आहे, मला माइक सोडवत नाही.

अण्णा तिथे यायला लागले. त्यांना आत सोडायचं नाही असा हुकूम होता. म्हणून ते हॉलच्या बाजूच्या जाळीच्या दरवाजाशी, उन्हात उभे राहायचे. आतल्या पोरांच्या आयांना गाठून सांगायचे, पाणी पाजा, घरी न्या. बहुतेक जणी त्यांना येडा समजून पुढे जात. विभूतीचे पट्टे आता वाकडे असायचे. दाढी वाढलेली. मी दोनदा त्यांना पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलींची अंतिम लढत होती. सांगोल्याकडची एक पोर, एकोणीसची, काट्यावर अवघे शंभर ग्रॅम राखून गटात बसली होती. जाळीचा दरवाजा माझ्या टेबलापासून चार पावलांवर. मी तिच्या नावाचा कागद हातात घेतला तेवढ्यात अण्णांनी हाक मारली.

"सर."

मी बघितलं. आता पर्याय नव्हता.

"त्या पोरीचं नाव घिऊ नका. व्हट बघा तिचे."

मी पाहिलं. ती कोपऱ्यात उभी राहून जीभ ओठांवरून फिरवत होती, पुन्हा पुन्हा, आणि ओठ ओले होत नव्हते. भेगा पडल्या होत्या. मी मुख्य पंचाकडे पाहिलं. त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. हॉल भरलेला होता, पहिल्या रांगेत पाहुणे होते, पडद्यावर तिचा फोटो लागला होता.

"सर, तुमी नाव घेतलं न्हाय तर ती उतरत न्हाय की. उगं गप ऱ्हावा. एवढंच करा."

मी एवढंही केलं नाही. कोण मी, निवेदक, नाव न घेऊन काय थांबणार आहे, दुसरा कुणी घेईल, असं सगळं त्या दोन-तीन सेकंदांत मनात येऊन गेलं. भीती वाटत होती आणि तरी मी आवाज लावला, नेहमीसारखा, खालून वर चढत नेलेला, आणि तिचं नाव घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती दोराखालून वाकून आत गेली.

जाळीकडे मान वळवायला मला थोडा वेळ लागला. अण्णा तिथे नव्हते. मला वाटलं, रागावून गेले. मग त्या जाळीतून पलीकडे आवारात ते दिसले. भिंतीकडे तोंड करून एक रुग्णवाहिका उभी होती आणि ड्रायव्हर आतली सीट मागे पाडून झोपला होता. अण्णांनी काचेवर थापा मारून त्याला उठवलं. तो काहीतरी वैतागून बोलला असावा. अण्णा हात जोडून त्याच्याशी बोलत होते. शेवटी त्यानं गाडी सुरू केली, आणि अण्णा मागे उभे राहून, या, या, आणखी या, असे हात करत ती वळवून घेत राहिले, तोंड रस्त्याकडे होईपर्यंत.

आत पहिल्या फेरीची घंटा झाली. अण्णांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.